कागदावर वाढलेलं दीड वर्ष

आमच्या ओट्यावर दोन माणसं रोज संध्याकाळी एका पोरावरून भांडायची. एक माझे मिस्टर. बँकेत होते, नोकरीची बरीच वर्षं अकोल्यात गेली आणि तिथे त्यांना फुटबॉल पाहायची सवय लागली. दुसरे उस्ताद. शेलूबाजारात मेन रोडवर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तरुणपणी ते अकोल्याच्या मैदानांवर खेळलेले, म्हणून गावातली पोरं त्यांना उस्ताद म्हणतात, आणि आता आम्ही सगळेच म्हणतो. दुकान बंद केलं की ते पोरांना तासभर पळवायचे आणि मग आमच्याकडे चहाला यायचे.

ज्या पोरावरून भांडण चालायचं तो दहावीत होता. चार किलोमीटर आतल्या खेड्यातून सायकलने इथल्या हायस्कूलला यायचा. आठवीत असताना पंक्चर काढायला उस्तादांच्या दुकानात आला आणि ट्यूब पाण्यात असेपर्यंत तिथे पडलेला चेंडू डाव्या पायावर उडवत उभा राहिला. उस्ताद पंक्चर विसरले. तेव्हापासून तो त्यांच्या संघात अगदी डाव्या कडेला, चुन्याच्या रेषेला चिकटून खेळायचा. उस्ताद त्या जागेला जुन्या पद्धतीने लेफ्ट आउट म्हणायचे, मिस्टर विंगर म्हणायचे. त्यावरूनही वाद व्हायचा.

"पोट्ट्याच्या पायात जादू हाय, साहेब," उस्ताद म्हणायचे. "चेंडू त्याच्या पायाले सोडतच नाई."

"तेच तर सांगून राह्यलो मी. सोडत नाही!" मिस्टर म्हणायचे. "बाजूला आपला माणूस मोकळा उभा, अन् हा मान खाली घालून पळूनच राह्यला. पंधरा वर्षं पूर्ण झाली त्याला. पंधराव्या वर्षी ज्याची मान वर होत नाही, त्याची पुढे काय होणार?"

"होईन, होईन."

"कोणाची झाली? एक दाखवा."

मग उस्ताद कुणाचं तरी नाव घ्यायचे, मिस्टर ते खोडायचे. मी चहाचे कप ठेवायचे आणि आत जायचे. या वादात माझं काही काम नव्हतं. मला फुटबॉल कळत नाही. पण एक गोष्ट मला माहीत होती आणि त्या दोघांना नव्हती. तो पोरगा पंधरा वर्षांचा नव्हता. त्याचं वय मीच वाढवलं होतं.

त्या खेड्यातल्या प्राथमिक शाळेवर मी अकरा वर्षं होते. दोन शिक्षकांची शाळा, मुख्याध्यापक मीच. एका जूनमध्ये चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायला लागली. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखं. भाऊ तिच्या बाजूला बसून पाटीची कड चाटायचा. आठ-दहा दिवसांनी ती यायची बंद झाली. मी घरी गेले. वडील ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले चार दिवस घरी. आई शेतात निंदायला जायची तयारी करत होती.

"पोरीला का नाही पाठवत?" मी विचारलं.

"पोट्ट्याले कोणापाशी ठेवू, बाई? अंगणवाडी दुपारीच सुटते, अन् मी येतो पाचले. आता तिनंच पाह्यलं पाहिजे."

मुलगी दाराच्या आत उभी होती. नऊ वर्षांची. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भावाचं नाक पुसत राहिली.

मी आईला म्हणाले, उद्या दोघांना पाठव, मी याला पहिलीत घालते. तो तेव्हा साडेचार वर्षांचा होता. पहिलीला सहा पूर्ण लागतात. जन्माचा दाखला नव्हता. आईचं माहेर किन्हीराजाच्या पलीकडच्या एका खेड्यात, तिथे घरीच तो झाला आणि कुणी नोंद केली नाही. "तुरी सोंगून राह्यले होते तवा झाला," एवढंच तिला आठवत होतं; तूर कापतात डिसेंबर-जानेवारीत. दुसऱ्या दिवशी मी जनरल रजिस्टर काढलं आणि सहा वर्षं पूर्ण होतील अशी एक जून ही तारीख लिहिली. आमच्या शाळेतली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली होती. ज्याची तारीख माहीत नाही त्याची एक जून, ही आमच्या खात्यातली जुनीच रीत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट दोघं बहीणभाऊ हात धरून फाटकातून आत येताना दिसायचे तेव्हा मला बरं वाटायचं. पुढे त्याच दाखल्यावरून त्याचं आधार झालं, आधारवरून बाकी सगळं. मुलगी बारावी झाली आणि अकोल्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला लागली. तिच्या प्रवेशाचे पेढे घेऊन आई आमच्या घरी आली होती.

त्यामुळे ओट्यावर "पंधरा पूर्ण" ऐकलं की सांगून टाकावंसं वाटायचं. पण बोलायचं काय? मिस्टरांना सांगितलं असतं तर ते उस्तादांना सांगणार, उस्ताद बाजारभर. आणि सांगून होणार काय होतं? उस्तादांच्या टीममध्ये कोणी वय विचारत नव्हतं. मी स्वतःला हेच सांगत राहिले. दोन वर्षं सांगितलं.

जानेवारीत उस्ताद एक कागद घेऊन आले. बाहेरच्या एका मोठ्या अकादमीची निवड चाचणी अकोल्याला होती. राहणं, खाणं, शाळा, सगळं अकादमीकडे. दोन गट होते, पंधराच्या आतला आणि सतराच्या आतला. उस्तादांचं इंग्रजी कच्चं, म्हणून फॉर्म भरायला मिस्टर बसले. दाखल्याची झेरॉक्स समोर धरून ते म्हणाले, "पंधरा वर्षं सात महिने. मोठ्या गटात जाईल."

उस्ताद हळहळले. "सात महिन्यांनी गेलं, साहेब. लहान्या गटात असता तर उचललाच असता त्याले. मोठ्यांत हा वाळल्या काडीवानी दिसते."

मी तिथेच तांदूळ निवडत बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "तो चौदाचा आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. बहीण, अंगणवाडी, रजिस्टर, एक जून. सांगताना मी ताटातल्या तांदळाकडेच पाहत होते.

मिस्टरांनी आधी बोटांवर मोजलं. मग एकदम उठले. "चौदा? जेमतेम चौदा? चौदाव्या वर्षी हे करून राह्यला हा पोरगा?" ते ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायला लागले. "अन् मी त्याला दोन वर्षं नावं ठेवून राह्यलो!"

उस्ताद बसूनच होते. ते मला फक्त एवढं म्हणाले, "बाई, दोन वर्षं नुसता चहा देऊन राह्यल्या तुमी आमाले."

चाचणीला बारा दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या शाळेत गेले. नवे मुख्याध्यापक तरुण, सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रजिस्टर काढलं. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. निळ्या शाईत माझंच अक्षर, अंकातही आणि अक्षरातही. खाडाखोड नाही, काही नाही. मला नेहमीच माझ्या रजिस्टरचा अभिमान होता.

"बाई, जन्माचा पुरावा आणा, मी आजच प्रस्ताव पाठवतो," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय मी या आकड्याला बोट लावू शकत नाही. तुम्ही तर मला शिकवाल हे."

"मी लिहून देते की मी चुकीची तारीख लिहिली."

ते म्हणाले, "द्या. पण त्याने तुमच्यामागे चौकशी लागेल अन् तारीख तिथेच राहील."

मी लिहून दिलं. मिस्टर म्हणाले होते नको देऊ, पण दिलं. मग उस्तादांच्या पुतण्याच्या जीपमधून त्या पोराच्या आईला घेऊन किन्हीराजाच्या पलीकडे तिच्या माहेरी गेलो. जिच्या हातून बाळंतपण झालं ती म्हातारी वारलेली. मामीने कपाटातून लसीकरणाचं कार्ड शोधून काढलं तेव्हा मला वाटलं, मिळालं! पण ते कधीतरी भिजून वाळलेलं होतं. घडीवर घडी चिकटून त्याची पोळी झाली होती. आईने नखाने एक पदर सोडवायचा प्रयत्न केला तर तो तुकडाच हातात आला. नोंद कुणी केलीच नव्हती, तर ग्रामपंचायतीत कुठून सापडणार? तिथल्या माणसाने तरीही दोन वर्षांची पानं उलटून पाहिली.

मग वाशीमची जिल्हा कचेरी. तिथे कळलं की उशिराच्या नोंदीसाठी अर्ज, शपथपत्र, साक्षीदार, चौकशी, मग आदेश. माझ्यासमोरच्या बाईंनी ते वाईट सुरात नाही सांगितलं. अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. "किती दिवस लागतील?" मी विचारलं. "सांगता येत नाही, मॅडम." मी स्वतः आयुष्यभर लोकांना हेच उत्तर दिलेलं आहे.

परतीच्या वाटेवर आई जीपमध्ये माझ्या बाजूला बसली होती. मी तिची माफी मागितली. ती गडबडली. "असं नका म्हणू, बाई. तुमी तर आमच्यासाठीच केलं." आणि जरा वेळाने, खिडकीतून बाहेर पाहत, "पण तवा आमाले काय मालूम, का पोट्टं असं खेळन म्हणून."

चाचणीला आम्ही चौघं गेलो. पोरगा, उस्ताद, मिस्टर आणि मी. मी जाऊन काय करणार होते कोण जाणे, पण घरी बसवेना. अकोल्याला मैदानावर त्याची बहीण आली होती, वसतिगृहातून सुट्टी काढून, भावासाठी डबा घेऊन. मला पाहून पाया पडली.

टेबलावर कागद तपासले आणि त्याला सतराच्या आतल्या गटाचं पिवळं जाकीट मिळालं. ते त्याच्या मांडीपर्यंत आलं. त्या गटातली पोरं म्हणजे मिशा फुटलेले बाप्ये. त्याला अडवायला जो बॅक उभा होता त्याच्या खांद्याइतका हा.

पहिली पंधरा मिनिटं त्याला चेंडूच मिळाला नाही. दोनदा मिळाला तेव्हा त्या बॅकने नुसता खांदा लावला आणि हा रेषेबाहेर गवतात. शिट्टी वाजली नाही. उस्ताद ओरडले, "फाऊल हाय ना तो!" मिस्टर म्हणाले, "नाही हो. फाऊल नाही. ताकद आहे ती." दोघांचं भांडण तिथेही चालू झालं असतं, पण कुणातच जीव नव्हता.

मग एकदा झालं. चेंडू त्याच्याकडे लांबून उडत आला, त्याने तो डाव्या पायावर असा घेतला की आवाजच आला नाही, आणि बॅक अंगावर यायच्या आत आत वळल्यासारखं करून बाहेरून निघाला. तो मोठा पोरगा उलट्याच दिशेने दोन पावलं गेला. उस्तादांनी माझं मनगट धरलं. हा रेषेवरून पळत शेवटापर्यंत गेला आणि तिथे त्याने मान वर केली. मला खेळ कळत नाही, पण ते मला दिसलं. त्याने बघितलं, आणि चेंडू गोलसमोर बरोबर मधोमध टाकला. तिथे कोणीच पोचलं नव्हतं. चेंडू सगळ्यांच्या समोरून घरंगळत पलीकडे निघून गेला.

"पाह्यलं?" उस्ताद म्हणाले. "पाह्यलं का, साहेब?"

मिस्टरांनी नुसती मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात मी ते दोनदा पाहिलं असेल.

थोड्या वेळाने त्याला बाहेर बोलावून दुसऱ्याला घेतलं. निवड करणारे साहेब पंचेचाळिशीचे असतील, टोपी घातलेले, बाहेरगावचे. मी सरळ त्यांच्याकडे गेले. उस्ताद आणि मिस्टर मागे आले. मी त्यांना सांगितलं की मी याची शिक्षिका, आणि याच्या वयाची चूक माझी. सगळं सांगितलं. बहिणीची शाळा सुटू नये म्हणून मी याला दीड वर्ष आधी शाळेत घातलं, तेही सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. हातातल्या यादीवर काहीतरी शोधलं. "डाव्या पायाचा ना? लक्षात आहे माझ्या," ते हिंदीमिश्रित मराठीत म्हणाले. "मॅडम, सोळाच्या पोराने हे केलं तर चांगलं आहे, पण असे मला आज आठ दिसले. चौदाच्या पोराने केलं असेल तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"हाडाचा फोटो काढा ना, सर," उस्ताद म्हणाले. "त्यात वय निघते म्हणतात."

"निघतं. पण तो कागदावर वय कमी लावणाऱ्यांना पकडायला आहे. कागदावर मोठा असलेल्याला लहान करायचा नियम माझ्याकडे नाही." मग माझ्याकडे वळून, "तुमचं खरं असेल. पण इथे रोज कोणी ना कोणी पोराचं वय कमी सांगायला येतं. मी कागद सोडून कोणाचं ऐकू?"

त्यांच्या जागी मी असते तर मीही कागदच पाहिला असता.

मागे वळले तर बहीण उभी होती. पाण्याची बाटली घेऊन भावाकडे निघालेली, आणि आमचं बोलणं ऐकून तिथेच थांबलेली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती भावाकडे गेली. त्याच्या पायातले मोजे काढले, गुडघ्याला खरचटलं होतं ते धुतलं, डबा उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला. तो जेवत असताना ती माझ्याजवळ आली.

"बाई, मले सांगायचं होतं तवाच."

"काय सांगणार होते गं तुला? तू चौथीत होतीस."

"मी घरी राह्यली असती." ती हळू बोलत होती, भावाला ऐकू जाऊ नये म्हणून. "एखादं वर्ष राह्यली असती. मंग आलीच असती ना शाळेत."

आली नसती. शाळा सुटलेल्या किती मुली परत आल्या ते मला माहीत आहे. पण त्या वेळी मला ते तिला सांगता आलं नाही. आणि "आली असतीस" असंही म्हणता आलं नाही. तिने डोळे पुसले आणि रिकामा डबा धुवायला नळावर गेली.

यादी दुपारी लागली. त्याचं नाव नव्हतं.

एप्रिलमध्ये वाशीमहून पत्र आलं. साक्षीदारांचे जबाब पुरेसे नाहीत, जन्माचा ग्राह्य पुरावा सादर करावा. माझी चौकशीही झाली. दोन अधिकारी घरी आले, चहा पिऊन, जबाब लिहून घेऊन गेले. पुढे काही आलं नाही. मला शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं असं मी मिस्टरांना म्हणाले, तर ते चिडले. "तुला बरं वाटून पोराला काय?" खरंच होतं ते.

ओट्यावरचं भांडण मात्र उलटं झालं. आता मिस्टर त्याच्या बाजूने बोलायला लागले. "दोन वर्षं थांबा, उस्ताद. अंग भरू द्या त्याचं. मान वर केली होती त्याने, तुम्ही पाहिलं ना?" आणि उस्ताद, ज्यांनी कधी त्या पोराविरुद्ध शब्द ऐकून घेतला नाही, ते कपातल्या चहाकडे पाहत म्हणायचे, "साहेब, दोन वर्षांनी सतराचे नाई, वीस वर्षांचे पोट्टे त्याच्यासमोर राहतीन. कागद त्याले कधीच बराबरीच्या पोरांत खेळू देणार नाई. मी खूप पाह्यले असे. पायातली जादू थकून जाते."

"म्हणजे नाही होणार म्हणता?"

"मी कायले म्हणू? मले तर म्हणवतच नाई."

दहावीची परीक्षा झाल्यावर पोरगा आठवडाभर मैदानावर आला, मग नाही आला. उस्तादांनी निरोप पाठवला तर कळलं की बापासोबत ट्रकवर जाणार आहे, सुट्टीपुरता. इंदूर, तिथून पुढे कुठे. निघायच्या दिवशी ट्रक शेलूबाजारच्या चौकात डिझेलसाठी थांबला होता. मी भाजी घेऊन येत होते. तो केबिनमधून उतरून माझ्याकडे आला. उन्हाने काळा पडला होता. उंचीही बोटभर वाढली असावी, किंवा मला तसं वाटलं.

"बाई, ताई सांगत होती, तुमाले लई वाईट वाटून राह्यलं म्हणून. नका वाटून घेऊ."

मी म्हणाले, "सुट्टी संपली की येशील ना? उस्ताद वाट पाहतात."

"पाहू." त्याने पायाने एक खडा उगाच इकडून तिकडे केला. मग विचारलं, "साहेब काय म्हणतात? होईन का मी?"

"साहेब म्हणतात होशील."

"अन् उस्ताद?"

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात वडिलांनी हॉर्न दिला. तो हसला, "जाऊ द्या," म्हणाला आणि केबिनमध्ये चढला. ट्रक वळून मालेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच उभी होते.

घरी आले तर दोघं ओट्यावर बसलेले होते. मी त्यांना सांगितलं की पोरगा गेला. उस्तादांनी विचारलं, "खेळायचे बूट नेले का त्यानं सोबत?"

मी पाहिलं नव्हतं.